सावलीची शाळा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपल्यातल्याच एकीने चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा शिरस्ता आहे. यंदा ती पाळी माझ्यावर आली आणि चिटणीसबाईंनी विषय दिला ‘मुलांचा अभ्यास आणि आई’. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढे शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हा अभ्यासाविषयी मी काय सांगणार, असे आपणांस वाटेल. मलाही तसेच वाटत होते. परंतु माझी मुलगी सातवीत आली, म्हणजे जिथे माझी शाळा संपली त्या पायरीवर ती येऊन उभी राहिली, आणि त्या एका वर्षात आम्हां दोघींना जे शिकायला मिळाले ते आपणांपुढे ठेवावे, असे मनात आले. ते सारे आकाशाविषयी आहे. पण भिऊ नका, आपल्या अंगणाबाहेर आपल्याला फारसे जावे लागणार नाही.

सातवीच्या भूगोलात सूर्य, चंद्र, पृथ्वी आणि ऋतू यांचे पाठ आहेत. मुलगी ते घडाघडा म्हणून दाखवी. परिवलन म्हणजे काय, परिभ्रमण म्हणजे काय, पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, सारे तोंडपाठ. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. लहानपणी दिवसाकाठी शंभर प्रश्न विचारणारी ही पोर आता काहीच विचारीनाशी झाली होती. खोदून विचारले तेव्हा कळले. एका शिकवणीच्या ठिकाणी तिने विचारले होते, “दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो म्हणतात, मग माझी सावली का पडते?” त्यावर “परीक्षेत येणार नाही ते विचारू नकोस” असे उत्तर मिळाले आणि मुले हसली. तेव्हापासून तिने तोंड मिटून घेतले. इकडे घरातही बोलणे निघू लागले, की हिचे विज्ञानात लक्ष दिसत नाही, पुढे झेपेल ते शिकवावे. भगिनींनो, मुलीच्या जातीचे शिक्षण असेच सुटते. कोणी एके दिवशी दार लावून घेत नाही. ते हळूहळू लोटले जाते.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते. पण प्रश्न खोटा नव्हता, एवढे मला ठाऊक होते. वाळवण घालणाऱ्या बाईला ऊन-सावली कोणी शिकवावी लागत नाही. थंडीत आमच्या साताऱ्यात दुपारचे ऊन अजिंक्यताऱ्याच्या बाजूने, म्हणजे दक्षिणेकडून, तिरपे येते आणि ओटीवर आतपर्यंत शिरते. उन्हाळ्यात तेच ऊन ओटीवर पाऊल टाकीत नाही. म्हणजे रोज बारा वाजता सूर्य एकाच जागी नसणार. मी तिला म्हटले, “मला उत्तर येत नाही. पण सूर्य डोक्यावर येतो हे कशावरून म्हणतात, ते आपण दोघी पाहू या.” हा ‘कशावरून’ आमच्या घरात तेव्हापासून राहायला आला.

शेजारच्या गवंडीदादांकडून ओळंबा मागून आणला. अंगणातल्या फरशीच्या सांध्यात एक बारीक सळई अगदी उभी रोवली आणि टोकाला सुपारीएवढी मातीची गोळी बसविली. फरशीपासून गोळीच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर. नुसत्या सळईच्या टोकाची सावली पुसट पडते, गोळीची मात्र गोल उमटते. सव्वाबारापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी गोळीच्या सावलीवर खडूची खूण करायची आणि सर्वांत आखूड सावली मोजायची. सूर्याकडे मुळीच पाहायचे नाही, डोळ्यांना कायमची इजा होते. पाहायचे ते फक्त जमिनीकडे. शाळेच्या दिवशी मुलगी घरी नसे, तेव्हा खडू माझ्या हाती असे.

एक वही केली. डाव्या पानावर ‘मला काय वाटते’, उजव्या पानावर ‘मला काय दिसले’. डावे पान आधी लिहायचे, आणि मागाहून ते खोडायचे नाही, हा नियम. पहिल्या डाव्या पानावर तिने लिहिले, “बारा वाजता सावली सर्वांत आखूड असेल.” उजव्या पानावर भलतेच आले. आखूड सावली कधी साडेबाराला, तर कधी पाऊण वाजता! हे का, ते पुस्तकात शोधायला ती आपणहून बसली. आपली घड्याळे साडेब्याऐंशी रेखांशाच्या वेळेवर चालतात आणि सातारा चौऱ्याहत्तर रेखांशाजवळ. एका अंशाला सूर्य चार मिनिटे घेतो, म्हणून आपल्याकडे खरी माध्यान्ह अर्ध्या तासाने मागे. उरलेली थोडी मिनिटे वर्षभर मागेपुढे होतात, कारण पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची वाट पुरी गोल नाही. हाच मजकूर ती पूर्वी पाठ म्हणत होती. आता तो तिला हवा होता, म्हणून तिने वाचला. यात किती फरक आहे, ते आपण आयाच जाणतो.

२२ डिसेंबर २०२२ रोजी माध्यान्हीची सावली ८७ सेंटिमीटर भरली. पुढे संक्रांत आली, ती त्या वर्षी १५ जानेवारीला होती. हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या आणि मुलगी वही घेऊन आली. “आज सावली ८० आहे. ती कमी व्हायला २२ डिसेंबरपासूनच लागली. म्हणजे उत्तरायण आज सुरू होत नाही!” एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “मग काय, आमचा सण खोटा?” सासूबाईंचा चेहरा उतरला. मला क्षणभर वाटले, वही मिटवावी आणि पोरीला आत पाठवावे. पण तसे केले असते तर शिकवणीत झाले तेच मी घरी केले असते. मी म्हटले, “सण खोटा कसा असेल? पण सावलीही खोटी नाही. दोन्ही खरे कसे, ते ही शोधून सांगेल.”

तिने शोधले; शाळेतल्या बाईंनी साह्य केले. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अगदी सावकाश डोलतो. एका डोलण्याला सुमारे २६ हजार वर्षे लागतात. संक्रांत आपण ताऱ्यांवरून, म्हणजे मकर राशीवरून धरतो, आणि दिवस मोठा होऊ लागतो तो सूर्याच्या दक्षिण टोकावरून. साधारण सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी येत. पुढे आस डोलत गेला आणि दर सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस असे अंतर पडत गेले. हे काही कोणी परक्याने आपल्याला हिणवायला काढलेले नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षक. त्यांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या मराठी ग्रंथात अशा सर्व गोष्टींचा कसून विचार केला. पंचांगातले गणित आकाशाशी जुळावे म्हणून लोकमान्य टिळकांनी खटपट केली, आणि त्यासाठी १९२० मध्ये ज्योतिष संमेलन भरले ते माझ्या माहेरी, सांगलीला. माझे अर्धे आयुष्य सांगलीत गेले, पण हे मला मुलीकडून कळले! सासूबाईंनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “मग पुढच्या संक्रांतीला आधी सावली दाखव, मग तिळगूळ दे.” त्या दिवसापासून वहीला घरात मान मिळाला.

आता वाचण्याविषयी थोडे सांगते. विज्ञान म्हणजे नुसते प्रयोग, वाचन म्हणजे मराठीचा तास, असे आपण समजतो. अनुभव निराळा आहे. रात्री जेवणे झाली, की ती एक परिच्छेद मोठ्याने वाची. मग पुस्तक मिटून, मला समजेल अशा शब्दांत सांगे. माझे शिक्षण कमी, हाच येथे लाभ झाला. जाणत्या माणसापुढे मूल अडलेल्या जागेवरून सटकून जाते. ‘कळले नाही’ म्हणणाऱ्या आईपुढे त्याला सटकता येत नाही. परिवलन या शब्दाला आम्ही जाते धरले. जाते आपल्या खुंट्याभोवती फिरते, जागा सोडीत नाही. परिभ्रमणाला देवळाची प्रदक्षिणा. आसाचा कल मात्र मला काही केल्या कळेना. तेव्हा तिने मधोमध दिवा ठेवला, स्वतः अंग एका बाजूला कलते धरले, आणि तो कल न बदलता दिव्याभोवती एक फेरी घातली. अर्ध्या वाटेवर तिचे डोके दिव्याकडे कलले होते, उरलेल्या वाटेवर दिव्यापासून दूर. उन्हाळा-हिवाळा मला त्या फेरीत दिसला. मागाहून बाईंनी सांगितले, की मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या व शहरातल्या मुलांबरोबर असेच काम झाले आहे. हातवारे, अंगाच्या हालचाली आणि आकृत्या यांनी खगोल कसे समजते, याचा तिथे अभ्यास झालेला आहे.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी, २१ मार्च २०२३ ला, सावली ३२ सेंटिमीटर होती. वहीतले आकडे पाहून तिने विचारले, “आई, ही शून्य कधी होईल?” पंचांग, नकाशा, पुस्तक अशी शोधाशोध झाली. सूर्य बरोबर डोक्यावर येण्याचे आपल्याकडे वर्षात दोनच दिवस. साताऱ्याला १० मेच्या सुमारास आणि सांगलीला ७ मेच्या सुमारास. पुन्हा दोन्हीकडे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, पण तेव्हा आपल्याकडे ढग. म्हणजे शिकवणीत जिच्यावर मुले हसली तिचीच शंका खरी होती. वर्षातले दोन दिवस सोडले तर माध्यान्हीला सावली पडतेच.

आता सांगलीचा दिवस साताऱ्याच्या आधी का? सातारा उत्तरेला, सांगली दक्षिणेला. सूर्य मे महिन्यात उत्तरेकडे सरकत येतो, म्हणून तो आधी माझ्या माहेरी जातो आणि तीन दिवसांनी सासरी येतो. ही दोन गावे काही परकी नव्हेत. आजचा सांगली जिल्हा १९४९ पासून १९६० पर्यंत दक्षिण सातारा या नावाचा होता, आणि आमच्या माहुलीवरून वाहणारी कृष्णाच पुढे सांगलीच्या घाटाला लागते. मे महिन्यात मुलगी मामाकडे जाणारच होती. तिने बेत केला, की ७ मेला तिने सांगलीत मामेबहिणीबरोबर मोजावे आणि त्याच वेळी मी साताऱ्यात.

जाण्यापूर्वी तिने मला आणि भाचीला एकच कागद लिहून दिला, कसे मोजायचे त्याचा. पहिल्या कागदात होते, “काठी सरळ उभी करावी.” मी विचारले, “सरळ आहे हे कशावरून ओळखायचे?” तिने ओळंबा घातला. “सावली मोजावी” होते; मी विचारले, “कुठून कुठपर्यंत?” तिने ‘सळईच्या बुडापासून गोळीच्या सावलीच्या मध्यापर्यंत’ असे लिहिले. तो कागद तिने चार वेळा लिहिला. निबंधाला कधी दोनदा हात न लावणारी मुलगी चार वेळा लिहिते, कारण शंभरावर किलोमीटर दूर दुसरे माणूस त्या शब्दांवर विसंबून काम करणार होते. नेमके लिहिणे म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळले. आणि डाव्या पानावर तिने लिहिले, “सांगली जवळच आहे. दोन्हीकडे सावली नाहीशी होईल.”

७ मे २०२३, रविवार. भर उन्हात मी खडू घेऊन बसले आणि सासूबाई छत्री धरून दाराशी उभ्या. साडेबाराला दोन मिनिटे कमी असताना सांगलीहून फोन आला. दोघी मुली ओरडत होत्या, गोळीची सावली सळईच्या बुडाशी जाऊन बसली म्हणून. उलटा ठेवलेला पेला, पाण्याचा पिंप, कशालाच बाजूला सावली नाही. माझ्याकडे मात्र गोळीची सावली बुडापासून उत्तरेला दीड सेंटिमीटरवर होती. कड पुसट होती, पण सावली होती. सासूबाई म्हणाल्या, “एकच सूर्य, एकच वेळ, आणि सांगलीला नाही ती सावली इथे कशी?” भगिनींनो, सत्तरी उलटलेल्या बाईने तो प्रश्न विचारला, याचे मला फार अप्रूप वाटले.

उत्तर असे, की पृथ्वी गोल आहे. ती पाटासारखी सपाट असती, तर इतक्या दूरच्या सूर्याने दोन्ही गावांत सारखीच सावली पाडली असती. साताऱ्याची जमीन सांगलीच्या जमिनीपेक्षा किंचित कललेली आहे, तो कल म्हणजे ते दीड सेंटिमीटर. मुलीने परत आल्यावर हिशेब मांडला. एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ ६२८ सेंटिमीटर. त्यात दीड सेंटिमीटर सुमारे ४१९ वेळा बसतात. नकाशाच्या मोजपट्टीने सातारा आणि सांगली यांचे नुसते दक्षिणोत्तर अंतर ९२ किलोमीटर भरले. रस्त्याचे अंतर येथे कामाचे नाही. ९२ गुणिले ४१९, म्हणजे साडेअडतीस हजार किलोमीटर. पृथ्वीचा खरा घेर सुमारे ४० हजार किलोमीटर आहे. आमच्या फरशीवर, एका सळईने आणि खडूने, आम्ही पृथ्वीला वेढा घातला होता! मुलगी हुरळून गेली नाही. तिने खाली लिहिले, “सावलीची कड पुसट होती. दोन मिलिमीटरचा फरक पडला तर उत्तर चार-पाच हजारांनी बदलते. पुढच्या वेळी सळई दोन मीटरची हवी.” एवढे उत्तर जुळल्यावरही ‘कशावरून’ विचारणे तिने सोडले नाही, याचा आनंद मला त्या आकड्याहून मोठा वाटला.

हीच युक्ती बावीसशे वर्षांपूर्वी एराटोस्थेनिस नावाच्या ग्रीक पंडिताने इजिप्तमध्ये केली होती. दक्षिणेकडल्या एका गावी सूर्य माथ्यावर असताना अलेक्झांड्रियात सावली वर्तुळाच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकी पडली, त्यावरून त्याने पृथ्वीचा घेर काढला. हे तिने मागाहून वाचले आणि म्हणाली, “आई, हा आपल्यासारखाच होता.” आधी वाचून दिले असते तर तो तिला फक्त एक अवघड नाव वाटला असता.

१० मेला साताऱ्यातही सावली नाहीशी झाली. त्या वर्षी पाऊस लांबला, म्हणून २१ जूनलाही ऊन मिळाले. त्या दिवशी सावली दहा सेंटिमीटर होती, पण चक्क दक्षिणेला, अजिंक्यताऱ्याकडे! सूर्य आमच्या माथ्यावरून पलीकडे गेला होता.

त्याच वर्षी २३ ऑगस्टला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चंद्रयान-३ चे विक्रम यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरले. सारा देश टाळ्या वाजवीत होता. आमच्या घरी टाळ्यांबरोबर वही निघाली. तो दिवस का निवडला? वर्तमानपत्र वाचून तिने सांगितले, की उतरण्याच्या जागी नुकताच दिवस उजाडला होता. चंद्रावरचा दिवस आपल्या चौदा दिवसांएवढा. यान उन्हाच्या विजेवर चालणारे, म्हणून सकाळीच उतरवले, की पुरा दिवस कामाला मिळावा. आणि ध्रुवाकडे सूर्य सदा खाली असतो, म्हणून तिथे सावल्या लांब पडतात. सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे आपल्या डिसेंबरसारख्या.” अंगणातल्या सावलीवरून त्यांना चंद्रावरची सावली समजली. शिक्षण म्हणजे याहून निराळे काय असते?

आपल्या शेजारच्या कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर २०२५ च्या मे महिन्यात गेले. जगभर नाव झालेला हा शास्त्रज्ञ मराठीतून मुलांसाठी लिहीत राहिला. मुले सही मागायला आली की ते म्हणत, सही नको, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठवा. उत्तर देईन आणि खाली सही करीन. एवढ्या मोठ्या माणसाला मुलाचा प्रश्न आपल्या सहीच्या तोलाचा वाटला. मग आपण आयांनी तो का झिडकारावा?

माझी मुलगी आता दहावीत आहे. विज्ञानात तिचे लक्ष नाही, असे आता घरात कोणी म्हणत नाही. ती पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण तिचे तोंड पुन्हा कोणी मिटवू शकणार नाही, हे मला दिसते. सावित्रीबाई फुले ज्या नायगावात जन्मल्या ते आपल्याच सातारा जिल्ह्यातले. मुलीने शाळेची पायरी चढावी म्हणून त्यांनी शेणमातीचे गोळे झेलले. आज मुली शाळेत जातात. पण तिथून प्रश्न घेऊन त्या घरी परत येतात का, हे पाहणे आपल्याकडे आहे.

मंडळाला माझी दोन मागणी आहेत. आपल्या मंडळाच्या अंगणात एक मीटरची सळई पक्की बसवावी आणि बाजूला एक वही ठेवावी. कोणत्याही मुलाने येऊन मोजावे. आणि शनिवारी संध्याकाळी एक तास मुलांनी आपल्याला वाचून दाखवावे, आपण न कळलेले विचारावे. यास पैसा लागत नाही, पदवीही लागत नाही. मुलाला उत्तर देता आले नाही तर आईने संकोच करू नये. “मला ठाऊक नाही, पण कशावरून ते आपण पाहू या” एवढे म्हणता आले, तर सातवी शिकलेली आईही पुरेशी आहे.